साडेअकरा ते सव्वाचार: एका गव्याच्या मागावर

परवा रात्री मला बघायची होती कोलकात्याची डर्बी. मोहन बागान, ईस्ट बंगाल, सॉल्ट लेक स्टेडियमचा तो गजर, बस्स. फोनवर रोमन लिपीत ‘कलकत्ता’ आणि ‘फुटबॉल’ असे दोन शब्द टाकले आणि समोर काय यावं? एक इटालियन गाणं! गायकाचं नाव कलकत्ता. म्हणजे खरं नाव एदोआर्दो देर्मे, रोमच्या दक्षिणेला लातिना नावाचं शहर आहे तिथला. पण गाताना नाव लावतो कलकत्ता. आणि गाण्याचं नाव ‘ह्यूबनर’. २०१८च्या त्याच्या ‘एव्हरग्रीन’ या अल्बममधलं. गाण्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. फक्त ह्यूबनर हा कुणी फुटबॉलवाला आहे एवढा शोध लागला. म्हटलं, बघू तरी हा कोण बुवा, दोन मिनिटांत बघून झोपू.

तेव्हा साडेअकरा वाजले होते. फोन खाली ठेवला तेव्हा सव्वाचार!

आता हे सांगतोय ते कुणाला, तर तुम्हाला, कारण घरात कुणी ऐकून घेत नाही. आणि आधी माझा तोरा सांगतो, म्हणजे तो कसा उतरला ते कळेल. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचला आवाज बसेपर्यंत ओरडलेला माणूस. टीव्हीवर इटालियन फुटबॉल बघत वाढलेला. बाज्जोची पोनीटेल, माल्दिनीचं टॅकल, बातिस्तुताची मशीनगन, सगळं पाठ. आपल्याला इटलीतलं काही माहीत नाही असं मला कुणी म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. आणि दारिओ ह्यूबनर? कोरी पाटी! पन्नाशीला आलेल्या माणसाला कळतं की आपण इतकी वर्षं भलत्याच माणसाकडे बघत होतो. भलत्याच म्हणजे कुणाकडे, तेही सांगतो.

पहिलीच चित्रफीत उघडली. ३१ ऑगस्ट १९९७. मिलानचं सान सिरो. इंटर विरुद्ध ब्रेशा. अहो, ही मॅच मला माहीत होती! म्हणजे मला वाटत होतं की माहीत आहे. ब्राझीलचा रोनाल्डो बार्सिलोना सोडून इंटरमध्ये आला, त्याची लीगमधली ही पहिली मॅच. वीस वर्षांचा पोरगा, जगातला सगळ्यात महाग खेळाडू. अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी भरलेलं. समोर ब्रेशा, नुकताच वरच्या डिव्हिजनला आलेला संघ, आज ज्याचा बळी द्यायचा तो बोकड. खेळ पुढे सरकतो, रोनाल्डोला काही गोल मिळत नाही, आणि ७३व्या मिनिटाला ब्रेशाच्या एका रुंद खांद्यांच्या, केस मागे सारलेल्या माणसाकडे लांबून चेंडू येतो. याची पाठ गोलकडे. चेंडू अंगावर घेतो, आणि वळता वळताच हाणतो. गोल! सान सिरो चिडीचूप. मी मात्र इकडे अंधारात उठून बसलो. ही मॅच मला रोनाल्डोची म्हणून माहीत होती, मग हा कोण?

हाच तो ह्यूबनर. त्या दिवशी त्याचीही सेरी ए, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधली पहिलीच मॅच होती. वय वर्षं तीस!

पुढे काय झालं तेही बघा, कारण नशीब म्हणजे काय चीज असते ते इथे कळतं. इंटरने बदली खेळाडू म्हणून उरुग्वेचा आल्वारो रेकोबा आणला. त्याचीही पहिलीच मॅच. त्याने डाव्या पायाने दोन असे गोळे डागले की इंटर २-१ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी जग रेकोबाचं झालं, आणि उरलेलं रोनाल्डोचं. तिसाव्या वर्षी, सान सिरोवर, पहिल्याच मॅचला गोल करणारा माणूस तळटीप झाला. मीही तेव्हा ती तळटीप वाचली नव्हती.

मग मी उलटा निघालो. हा तीस वर्षं होता कुठे?

इटलीच्या नकाशात उजवीकडे अगदी वरचा कोपरा बघा. त्रिएस्ते. त्याला लागून समुद्राकाठी मुज्जा नावाचं छोटं गाव, पलीकडे लगेच सीमा. आज स्लोव्हेनियाची, तेव्हा युगोस्लाव्हियाची. दारिओचा जन्म २८ एप्रिल १९६७चा, वाढला या मुज्जात. शाळा लवकर सुटली आणि पोरगा कामाला लागला. काम कसलं? अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं! चौकटी बनवायच्या, बसवायच्या. हे वाचलं आणि माझी नजर आपोआप आमच्या हॉलच्या स्लायडिंगकडे गेली. ज्या वयात मोठ्या क्लबांच्या अकादमीतली पोरं आहारतज्ज्ञाचा तक्ता बघून जेवतात, त्या वयात हा कुणाच्या तरी घराचा गाळा मापत होता, आणि काम उरकून संध्याकाळी गावच्या संघाकडून खेळत होता. आमच्या पेठेतली निम्मी पोरं अशीच खेळली. दिवसभर गॅरेजला नाहीतर दुकानात, आणि चार वाजले की मैदानात. त्यामुळे इथून पुढे हा माणूस मला परका राहिलाच नाही.

आता इटलीची उतरंड समजून घ्या, नाहीतर गंमत कळणार नाही. त्या काळी सगळ्यात वर सेरी ए, अठरा संघ. त्याखाली सेरी बी, वीस संघ. त्याखाली सी-वन, दोन गट. त्याखाली सी-टू, चार गट. आणि त्याच्याही खाली इंटररिजनल, म्हणजे गावोगावच्या संघांचा समुद्र. ह्यूबनर वीस वर्षांचा असताना या पाचव्या पायरीवर होता: पिएवे दि सोलिगो या गावाचा पिएविजिना संघ. पुढच्या वर्षी सी-टू मध्ये पेर्गोक्रेमा. मग एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरचं फानो, तिथे तीन वर्षं, आणि १९९१-९२मध्ये सी-वनच्या गटात सगळ्यात जास्त गोल याचे. मग जरा वरच्या अंगाला, किनाऱ्यापासून थोडं आत चेसेना, सेरी बी, पाच वर्षं. तिथे १९९५-९६ला २२ गोल, आणि पुन्हा सगळ्यांत पहिला.

इथे एक शब्द भेटला आणि मी जागच्या जागी उडालो. सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला इटालियन लोक म्हणतात काय, तर ‘कापोकान्नोनिएरे’. म्हणजे तोफांवरचा मुख्य माणूस. म्हणजे आपला गोलंदाज! आपण क्रिकेटच्या नादात हा शब्द बॉलरला देऊन टाकला, पण गोलंदाज मूळचा तोफखान्यातला. तोफेत गोळा भरून नेमका बुरुजावर सोडणारा. इटालियनांनी तो शब्द जिथे शोभतो तिथे ठेवला. गोल करणारा तो गोलंदाज! रात्री एक वाजता मी हे एकट्यानेच मोठ्यांदा म्हटलं आणि आतून बायकोचा आवाज आला, “अहो, कुणाशी बोलताय?”

त्याचं टोपणनाव तर ऐका. ‘तातांका’. अमेरिकेतल्या लाकोटा लोकांच्या भाषेत बायसन, रानरेडा. का, ते एकदा त्याला धावताना पाहिलं की विचारावं लागत नाही. खांदे पुढे, मान खाली, अंगात वळण म्हणून नाही. आमच्या राधानगरीच्या जंगलातला गवा वाट चुकून शहराच्या कडेला येतो तेव्हा लोक जसे दोन्ही बाजूंना फाकतात, तसे डिफेंडर फाकतात. नजाकत, कलाकुसर, पायात चेंडू फिरवत ठेवणं, काही नाही. चेंडू आला, घेतला, मारला. डाव्यानं, उजव्यानं, डोक्यानं, जे जवळ असेल त्यानं. मी त्याचे गोल लागोपाठ बघत होतो, आणि पंधरा-वीस गोलांनंतर एक गोष्ट ध्यानात आली. हा फार कमी वेळा चेंडूला दोनपेक्षा जास्त स्पर्श करतो. आणि मारताना चौकटीकडे बघतच नाही! चौकट कुठे आहे हे त्याला पाठच आहे. उगाच मनात आलं, खिडक्या बसवणारा माणूस ना हा. चौकटीचा कोपरा कुठे असतो हे याला वेगळं काय सांगायचं?

आणि सवयी? तोबा तोबा! सिगारेट ओढायचा आणि ते कुणापासून लपवायचा नाही. ग्राप्पा आवडायची. ग्राप्पा म्हणजे वाइन करून उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली कडक दारू. गोव्याच्या फेणीची इटालियन मावसबहीण म्हणा. २००२च्या मोसमानंतर ए. सी. मिलानने त्याला अमेरिकेच्या दौऱ्यावर, मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी सोबत नेलं होतं. मिलान! आन्चेलोत्तीचं मिलान! आणि तिथे हाफटाइमला हा कुठे दिसेना, शोधलं तर सिगारेट ओढत बसलेला, ही कथा इटलीत अजून मीठमसाला लावून सांगतात. मिलानने त्याला घेतलं नाही. सिगारेटचं कौतुक करावं असं मी म्हणणार नाही. माझ्या घरात ते चालायचंही नाही. पण चित्रफितीत हा माणूस नव्वदाव्या मिनिटाला धावताना दिसतो तेव्हा माझी सगळी व्यायामशाळा खोटी पडते एवढं खरं.

आता परत ब्रेशाला चला. सान सिरोच्या त्या मॅचने सुरुवात झालेल्या मोसमात त्याने १६ गोल केले आणि तरी ब्रेशा घसरलं, सेरी बी मध्ये. हे त्याच्या वाट्याला पुन:पुन्हा येतं. चेसेना सोडलं त्याच वर्षी चेसेना सी-वनला घसरलं होतं. पण हा रडत बसत नाही. सेरी बी मध्ये दोन वर्षं गोलांचा रतीब घातला, २००० साली ब्रेशा परत वर, आणि मग आलं ते वर्ष. प्रशिक्षक कार्लो मात्सोने, रोमचा म्हातारा, गडगडाटी आवाजाचा. आणि ह्यूबनरच्या शेजारी कोण? रोबेर्तो बाज्जो! मोठ्या क्लबांना नकोसा झालेला, गुडघ्यांची चाळण झालेला देव, छोट्या ब्रेशात आलेला. त्या मोसमाचे बाज्जोचे गोल मी पूर्वी पाहिले होते, शपथ घेऊन सांगतो, पाहिले होते! पण बाज्जो पास देतो तो कुणाला, हे कधी बघितलंच नव्हतं. २०००-०१मध्ये बाज्जोचे गोल १०, ह्यूबनरचे १७. मी पोनीटेलकडे बघत बसलो आणि गवा शेजारून निघून गेला.

त्या उन्हाळ्यात ब्रेशाने काय करावं? चोवीस वर्षांचा उंचपुरा लुका तोनी विकत घेतला आणि चौतिशीच्या ह्यूबनरला पियाचेन्झाला जाऊ दिलं. हिशेबाने बरोबरच. चौतीस वर्षांचा, धूम्रपान करणारा फॉरवर्ड कोण ठेवेल? तोनीचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पियाचेन्झा म्हणजे पो नदीकाठचं शहर, लाल जर्सी, दरवर्षी एकच ध्येय: घसरायचं नाही. अशा संघाकडून हा गोल करायला लागला आणि थांबेचना. सेरी ए चा तो काळ आठवा. प्रत्येक संघाच्या बचावात कुणीतरी जगातला पहिल्या पाचांतला. नेस्ता, कान्नावारो, थुराम, माल्दिनी. आणि त्यांच्यासमोर तळाला लोंबकळणाऱ्या संघाचा, चेंडूसाठी तासन्‌तास वाट बघणारा एकटा माणूस. पाहता पाहता गोलांच्या यादीत व्हिएरीसारखा मोठा फॉरवर्डही मागे पडला.

आणि उजाडला ५ मे २००२. मोसमाचा शेवटचा दिवस. इटलीत ‘पाच मे’ एवढंच म्हटलं तरी इंटरवाल्यांचा चेहरा पडतो. इंटर पहिलं, युव्हेंटस एका गुणाने मागे. इंटर रोमला लाझिओशी खेळत होतं आणि ४-२ने हरलं. हातातलं विजेतेपद गेलं. बाकावर बसून तोंड झाकून रडणारा कोण? रोनाल्डो! ती रडणारी मुद्रा मी शंभरदा पाहिली आहे, वर्तमानपत्रातूनही कापून ठेवली होती. तिकडे उदिनेत युव्हेंटसच्या दाविद त्रेझेगेने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि युव्हेंटस विजेतं झालं. हाच तो फ्रान्सचा त्रेझेगे, ज्याने दोन वर्षांपूर्वी युरोच्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल मारून इटलीला रडवलं होतं.

पण त्याच दुपारी, त्याच वेळी, तिसऱ्या एका स्टेडियमवर, जिथे जगाचा एकही कॅमेरा डोळे लावून बसला नव्हता, पियाचेन्झा आणि वेरोना तगून राहण्यासाठी झुंजत होते. पियाचेन्झा ३-० जिंकलं. त्यांतले दोन ह्यूबनरचे. पियाचेन्झा वाचलं, वेरोना घसरलं. आणि गोलांचा हिशेब मांडला तर? त्रेझेगे २४, ह्यूबनर २४. दोघेही गोलंदाज! एक विजेत्या संघाचा, जगज्जेत्या देशाचा, चोवीस वर्षांचा. दुसरा खिडक्या बसवणारा, आठवड्यापूर्वी पस्तीस पूर्ण केलेला. सेरी ए च्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात वयस्क गोलंदाज. १९९७ला रोनाल्डोच्या पहिल्या दिवशी हा होता, आणि रोनाल्डोच्या सगळ्यात वाईट दिवशीही हाच होता, आणि दोन्ही वेळा मी रोनाल्डोकडेच बघत होतो!

मला वाटलं संपलं. पहाटेचे तीन वाजले होते. तर तिथे आणखी एक दार उघडलं.

सी, बी आणि ए अशा तिन्ही डिव्हिजनला गोलंदाज ठरलेले इटलीत दोघेच. दुसरा इगोर प्रोत्ती, रिमिनीचा. त्याचाही जन्म १९६७चाच! ह्यूबनर पायऱ्या चढत गेला. प्रोत्ती आधी गच्चीवर पोचला आणि मग खाली उतरून एकेक मजला जिंकत वर आला. १९९५-९६ला, जेव्हा ह्यूबनर सेरी बी चा गोलंदाज होता, तेव्हा सेरी ए चा गोलंदाज प्रोत्ती, सिन्योरीच्या बरोबरीने, २४ गोल. आणि एवढे गोल करूनही त्याचं बारी घसरलं! आणि २००१-०२ला, जेव्हा ह्यूबनर सेरी ए चा गोलंदाज, तेव्हा प्रोत्ती खाली सी-वनमध्ये लिवोर्नोचा गोलंदाज. दोघं जिन्यात अदलाबदल करून उभे! पुढच्या वर्षी प्रोत्ती सेरी बी चा गोलंदाज, आणि २००४ला त्याचं लिवोर्नो पंचावन्न वर्षांनी सेरी ए मध्ये. हे कुणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात.

आणि तोनी? तेरा वर्षं थांबा. २०१४-१५ला लुका तोनी २२ गोल करून इकार्दीच्या बरोबरीने गोलंदाज झाला. मोसम संपला त्याच आठवड्यात त्याला अडतीस पूर्ण झाली होती. ह्यूबनरचा वयाचा विक्रम मोडला तो ज्याला जागा करून देण्यासाठी याला ब्रेशातून जावं लागलं त्यानेच. आणि कुठल्या जर्सीत? वेरोनाच्या! ५ मेला ह्यूबनरने ज्यांना खाली पाठवलं त्यांच्याच!

इटलीच्या राष्ट्रीय संघात तो किती सामने खेळला? शून्य. २००२च्या विश्वचषकाला व्हिएरी, इन्झागी, देल पिएरो, तोत्ती, मोन्तेल्ला, देल्वेक्किओ गेले. हा नाही. त्या यादीशी भांडायला मी बसलेलो नाही. नावं बघा ना. पण सेरी ए मधले त्याचे एकूण गोल ७४, आणि ते सगळे तिशीनंतरचे. विशीतले सगळे गोल कुठे आहेत? फानोत आहेत, चेसेनात आहेत, अशा गावांत जिथे रविवारी दुपारी दोन-पाच हजार माणसं यायची आणि घरी जाऊन जेवायची. त्यातल्या बहुतेक गोलांना कॅमेराही नसेल. म्हणून ते कमी गोल होते का हो? गोलची चौकट सेरी ए मध्ये ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, आणि पाचव्या पायरीवरही तेवढीच. एक सूतही मोठी नाही. रात्रभर माझ्या डोक्यात हेच घुमत होतं. आपण खालच्या डिव्हिजनला जिना समजतो, वर जायची वाट. ह्यूबनरला ती खोली वाटत असावी. जिथे असेल तिथे तो राहिलेला आहे.

कारण नंतर बघा. पियाचेन्झा पुढच्या वर्षी घसरलं, याचे १४ गोल असूनही. मग अँकोना, पेरुजा, आणि सदतिसाव्या वर्षी मान्तोवा, सी-वन. तिथून ब्रेशाच्या आसपासचे, माझ्या नकाशात सापडेनात असे संघ. चाळिशी ओलांडली तरी खेळतच राहिला! सेरी ए चा गोलंदाज, ज्याच्या घरी त्याचं सन्मानचिन्ह भिंतीवर असणार, रविवारी बॅग उचलून गावच्या ग्राउंडवर निघायचा. ज्या पायरीवरून चढला तिथवर परत आला आणि तिथेही चेंडू मागत उभा राहिला.

सव्वाचारला मी थोरल्या भावाला कोल्हापूरला हे सगळं लिहून पाठवलं. एक नाही, एकोणीस मेसेज. सहा वाजता दादाचं उत्तर आलं: “नाद खुळा! पण हा कुठल्या तालमीचा म्हणायचा?” मी नावं मोजायला लागलो. मुज्जा, पिएवे दि सोलिगो, क्रेमा, फानो, चेसेना, ब्रेशा, पियाचेन्झा... मोजता मोजता हसू आलं. सगळ्यांचाच.

स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. बायकोनं माझे लाल डोळे बघितले.

“रात्रभर मॅच होती का? कोण जिंकलं?”

“बरोबरीत सुटली,” मी म्हटलं. “चोवीस-चोवीस.”